बेसी कोलमन : एक अपुरे उड्डाण

३० एप्रिल १९२६ रोजी सकाळी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथून एका जुन्या, दोन आसनी विमानाने उड्डाण केले. विमान चालवीत होता विल्यम विल्स हा चोवीस वर्षांचा तंत्रज्ञ. दुसऱ्या आसनावर बेसी कोलमन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हवाई कसरतींचा कार्यक्रम होता आणि त्यात हवाई छत्रीने उडी घेण्यासाठी योग्य जागा कोणती, हे त्यांना वरून पाहून ठेवायचे होते. विमानाला छप्पर नव्हते. कोलमन यांची उंची बेताची होती. कडेवरून वाकून जमीन नीट दिसावी म्हणून त्यांनी आसनाचा पट्टा बांधला नव्हता. साधारण दहा मिनिटांनी विमान एकाएकी खाली झेपावले, गिरक्या घेऊ लागले आणि उलटे झाले. कोलमन त्यातून बाहेर फेकल्या गेल्या आणि त्यांचा जागीच मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय ३४ वर्षांचे होते.

विमान चालविण्याचा परवाना मिळविणारी जगातील पहिली कृष्णवर्णीय महिला म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. मात्र त्यांचे आयुष्य हे केवळ एका विक्रमाचे आयुष्य नव्हते.

बेसी यांचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी टेक्सास राज्यातील अटलांटा या लहानशा गावी झाला. जॉर्ज आणि सुसान कोलमन या दाम्पत्याच्या तेरा अपत्यांपैकी त्या दहाव्या. कुटुंब दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करीत असे. बेसी दोन वर्षांच्या असताना ते वॅक्साहॅची येथे राहावयास आले. वडिलांच्या घराण्यात अमेरिकेच्या मूळनिवासी लोकांचेही रक्त होते. टेक्सासमधील वर्णद्वेषाला कंटाळून १९०१ मध्ये ते ओक्लाहोमाकडे निघून गेले. आई मुलांना घेऊन मागेच राहिली आणि गोऱ्या कुटुंबांकडे घरकाम करून तिने संसार चालविला. कृष्णवर्णीय मुलांसाठीची वेगळी, एका खोलीची शाळा घरापासून चार मैलांवर होती. बेसी तेथे चालत जात. गणितात त्यांना विशेष गती होती. कापूस वेचणीचा हंगाम आला की शाळा बंद पडे आणि सारे घर शेतात जाई.

कपडे धुऊन साठविलेल्या पैशांतून १९१० मध्ये त्यांनी ओक्लाहोमातील लँगस्टन येथे कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या विद्यापीठात प्रवेश घेतला. पैसे एका सत्रापुरतेच पुरले. त्या वॅक्साहॅचीला परतल्या आणि पुन्हा कपडे धुण्याचे काम करू लागल्या. १९१५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी शिकागोची वाट धरली. तेथे त्यांचे थोरले भाऊ होते. एका केशकर्तनालयात पुरुष ग्राहकांची नखे कापण्याचे आणि हात नीटनेटके करण्याचे काम त्यांना मिळाले.

विमानाचे वेड त्यांना येथेच लागले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेले भाऊ जॉन त्यांना चिडवीत असत, की फ्रान्समध्ये बायका विमानसुद्धा चालवितात, इथल्या बायकांना ते कधी जमायचे नाही. ही थट्टा बेसी यांच्या मनाला लागली. त्यांनी विमान प्रशिक्षण शाळांकडे विचारणा सुरू केली. अमेरिकेतील एकही शाळा त्यांना घ्यावयास तयार झाली नाही. स्त्री असणे हे एक कारण आणि कृष्णवर्णीय असणे हे दुसरे. शेवटी ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या प्रभावी वृत्तपत्राचे प्रकाशक रॉबर्ट अॅबट यांनी त्यांना फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. बेसी यांनी फ्रेंच भाषेचे वर्ग लावले, बचत केली, हितचिंतकांनी भर घातली आणि नोव्हेंबर १९२० मध्ये त्या बोटीने युरोपला निघाल्या.

उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या मुखाजवळ ले क्रोतोय नावाचे गाव आहे. तेथे कोद्रों बंधूंची नामांकित विमान प्रशिक्षण शाळा होती. नियुपोर्त बनावटीच्या ज्या विमानावर बेसी शिकल्या, त्याला ना सुकाणूचे चाक होते, ना ब्रेक. समोर बेसबॉलच्या दांडक्याएवढा जाड नियंत्रक दांडा आणि पायाखाली शेपटीचे सुकाणू हलविणारी आडवी पट्टी, एवढीच साधने. विमान उतरल्यावर शेपटीखालचा लोखंडी पाय जमिनीवर घासत जाई आणि त्यानेच वेग कमी होई. ही विमाने हवेत कधी दगा देतील याचा नेम नसल्याने प्रत्येक उड्डाणापूर्वी पंख, तारा, जोड आणि इंजिन हाताने चाचपून पाहावे लागे. प्रशिक्षण काळात आपल्या एका सहाध्यायाचा अपघाती मृत्यू बेसी यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यानंतरही त्यांनी शिक्षण सोडले नाही. १५ जून १९२१ रोजी आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाचा परवाना त्यांच्या हाती आला. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या अमेलिया एअरहार्ट यांना हाच परवाना १९२३ मध्ये मिळाला. बेसी यांच्या परवान्यावर जन्मवर्ष १८९६ असे आहे. वयातली चार वर्षे त्यांनी कमी केली होती!

अमेरिकेत परतल्यावर वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले, पण कौतुकाने पोट भरत नाही. प्रवासी विमानसेवेचा जमाना अद्याप यावयाचा होता. वैमानिकाला कमाईचा मार्ग म्हणजे गावोगाव फिरून कसरती दाखविणे. त्यासाठीचे कौशल्य अंगी नसल्याने १९२२ च्या आरंभी त्या पुन्हा युरोपला गेल्या. फ्रान्समध्ये पुढचे धडे घेऊन, हॉलंड आणि जर्मनीतील विमान कारखाने पाहून त्या परत आल्या. ३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. पहिल्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या सन्मानार्थ तो आयोजित केला होता. त्यानंतर शिकागोतही हजारो लोकांनी त्यांना पाहिले.

या कार्यक्रमांमागे त्यांचा एक निश्चित हेतू होता. कृष्णवर्णीय तरुण-तरुणींसाठी विमान प्रशिक्षणाची शाळा काढावयाची. ज्या दारातून आपल्याला परत पाठविण्यात आले, ते दार इतरांना तरी उघडे असावे, असे त्यांना वाटे. शाळेसाठी पैसा हवा होता, परंतु तो कोणत्याही मार्गाने आलेला त्यांना नको होता. एका चित्रपटात त्यांना प्रमुख भूमिका मिळाली. पहिल्याच दृश्यात फाटके कपडे, हातात काठी, पाठीवर बोचके अशा वेषात शहरात येणारी अडाणी मुलगी रंगवावयाची आहे हे समजताच त्यांनी काम सोडले. टेक्सासमधील वॅक्साहॅची या आपल्याच गावी कार्यक्रम ठरला, तेव्हा गोऱ्या आणि काळ्या प्रेक्षकांसाठी दोन स्वतंत्र प्रवेशद्वारे असतील तर आपण उडणार नाही, असे त्यांनी आयोजकांना बजावले. प्रवेशद्वार एकच ठेवण्यात आले. आत गेल्यावर बसण्याच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या.

त्यांची विमाने हा या कथेतील सर्वांत कच्चा दुवा. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने ‘कर्टिस जेनी’ या प्रशिक्षण विमानांचा मोठा साठा विकावयास काढला होता. नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, लाकूड आणि कापडाचा सांगाडा, एकामागे एक दोन उघडी आसने. किंमत कमी, म्हणून हौशी वैमानिकांनी ती घेतली, वापरली, मोडली, जोडली आणि पुढच्याला विकली. श्रीमंत पुरस्कर्ता नसलेल्या वैमानिकाच्या वाट्याला असेच एखादे वारंवार हात बदललेले विमान येई. फेब्रुवारी १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात अशाच एका जेनीचे इंजिन सुमारे तीनशे फुटांवर बंद पडले आणि विमान कोसळले. बेसी यांचा पाय आणि बरगड्या मोडल्या. चालता येऊ लागले की पुन्हा उडणार, अशा आशयाची तार त्यांनी अंथरुणातूनच आपल्या चाहत्यांना पाठविली. जून १९२५ मध्ये ह्यूस्टन येथील कार्यक्रमाने त्या टेक्सासच्या आकाशात आल्या. पुढे त्यांनी फ्लोरिडात व्याख्याने दिली आणि पैसे जमविण्यासाठी ऑरलँडोत सौंदर्यप्रसाधनगृहही चालविले.

१९२६ मध्ये डॅलसहून घेतलेली जेनी विल्सने जॅक्सनव्हिलला उडवीत आणली. वाटेत इंजिनाच्या बिघाडाने त्याला एकाहून अधिक वेळा खाली उतरावे लागले. इशारा म्हणावा तर तो येथेच मिळाला होता. परंतु १ मेचा कार्यक्रम जाहीर झालेला होता, दुसरे विमान हाताशी नव्हते आणि शाळेचे स्वप्न पैशांवाचून अडलेले होते.

अपघातानंतर विमानाच्या अवशेषांत नियंत्रण यंत्रणेच्या दातेरी चक्रांमध्ये एक पाना अडकलेला आढळला. दुरुस्तीनंतर कोणीतरी तो विमानात विसरला होता. हवेत तो घरंगळत तेथे गेला आणि नियंत्रण जखडले गेले, असे मानले जाते. विल्सला विमान सावरता आले नाही. ते जमिनीवर आदळून त्याचाही अंत झाला आणि नंतर अवशेषांना आग लागली. फ्रान्समध्ये विमान चाचपून पाहावयास शिकलेल्या वैमानिकेचा घात एका विसरलेल्या हत्याराने केला.

अशा प्रकारचा हा पहिला अपघात नव्हता. १ जुलै १९१२ रोजी बॉस्टनजवळ हॅरिएट क्विम्बी या अमेरिकेतील पहिल्या परवानाधारक महिला वैमानिक आणि त्यांचे सहप्रवासी विल्यम विलार्ड उघड्या विमानातून असेच फेकले गेले होते. दोघांनीही पट्टे बांधलेले नव्हते. रिकामे विमान मात्र खाली येऊन चिखलात उलटले आणि त्याचे त्या मानाने थोडेच नुकसान झाले.

आजच्या लहान विमानांच्या आसनांवर बहुधा पारदर्शक झाकण किंवा बाजूला दरवाजा असतो. त्याची कडी नीट बसली नाही तर ते उड्डाणात उघडते. वाऱ्याचा प्रचंड आवाज होतो, नकाशे आणि कागद उडून जातात. बहुतेक विमाने अशा अवस्थेतही उडू शकतात. अपघात होतो तो अनेकदा वैमानिक नियंत्रण सोडून झाकण ओढावयास धावतो म्हणून. आधी विमान सांभाळावे, पट्टा सोडू नये, झाकण तसेच राहू द्यावे आणि सावकाश उतरावे, असे अमेरिकेच्या हवाई प्रशासनाची प्रशिक्षण पुस्तिका सांगते. दुरुस्तीनंतर प्रत्येक हत्यार मोजून जागेवर ठेवण्याची शिस्तही आता विमान कार्यशाळांत पाळली जाते. बेसी यांच्या विमानाला तर झाकणच नव्हते. आसन आणि आकाश यांच्यामध्ये होता तो फक्त एक पट्टा.

त्या काळी अमेरिकेत वैमानिकाला परवाना सक्तीचा करणारा किंवा विमानाची तपासणी बंधनकारक करणारा केंद्रीय कायदाच नव्हता. कोणीही कोणतेही विमान विकत घेऊन प्रेक्षकांपुढे उडवू शकत होता. राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांनी हवाई वाणिज्य कायद्यावर स्वाक्षरी केली ती २० मे १९२६ रोजी, म्हणजे जॅक्सनव्हिलच्या अपघातानंतर बरोबर वीस दिवसांनी. कायद्याची तयारी आधीपासूनच चालू होती, त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध जोडता येत नाही. विमानांची तपासणी आणि वैमानिकांचे परवाने मात्र या कायद्यानंतर सरकारी यंत्रणेकडे आले.

गोऱ्यांच्या अनेक वृत्तपत्रांनी अपघाताच्या बातमीत विल्सला ठळक स्थान दिले आणि कोलमन यांचा उल्लेख जाता जाता केला. कृष्णवर्णीय समाजाने त्यांना दिलेला निरोप वेगळा होता. जॅक्सनव्हिल आणि ऑरलँडोत प्रार्थनासभा झाल्या. पार्थिव रेल्वेने शिकागोला नेण्यात आले. तेथे हजारो लोकांनी अंत्यदर्शन घेतले. समाजसुधारक आणि पत्रकार आयडा वेल्स यांच्या उपस्थितीत अंत्यविधी झाला आणि लिंकन दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

शाळा त्यांच्या हयातीत निघू शकली नाही. १९२९ मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिस येथे ‘बेसी कोलमन एअरो क्लब’ स्थापन केला आणि कृष्णवर्णीयांना विमान शिकविण्यास सुरुवात केली. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या मे जेमिसन यांनी कोलमन यांचे छायाचित्र सोबत नेले होते. १९९५ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, तर २०२३ मध्ये पाव डॉलरच्या नाण्यावर त्यांची प्रतिमा आली. मात्र या सर्व सन्मानांच्या कितीतरी आधी, १९३१ मध्ये, शिकागोतील कृष्णवर्णीय वैमानिकांनी एक प्रथा सुरू केली होती. दरवर्षी ते आपली लहान विमाने घेऊन लिंकन दफनभूमीवर येत आणि खाली उतरत येऊन बेसी यांच्या थडग्यावर फुले टाकून जात.