मादाम क्यूरींची काचेची नळी

मादाम मेरी क्यूरी यांनी रेडियमचा शोध लावला, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच असेल. १८६७ साली वॉर्सा येथे एका शिक्षकाच्या घरी जन्म, थोरल्या बहिणीला डॉक्टर होता यावे म्हणून परक्या घरी मुले शिकविण्याची नोकरी, मग पॅरिसचे विद्यापीठ. हा भाग पालकांनी मुलांना अवश्य सांगावा. येथे मात्र एक कमी परिचित प्रसंग सांगावयाचा आहे.

१९१० च्या सुमारास रेडियम अनेक प्रयोगशाळांत व रुग्णालयांत पोहोचले होते. समजा, एका प्रयोगशाळेने आपल्या नमुन्यात पाच मिलिग्रॅम रेडियम आहे असे म्हटले आणि दुसरीने त्यातच सहा मोजले, तर खरे कोणाचे? दुकानदाराचे वजनच खोटे असेल तर तराजू चांगला असून काय उपयोग? ज्याच्याशी तुलना करावयाची ते प्रमाणच आधी शुद्ध हवे.

सप्टेंबर १९१० मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत हे काम मादाम क्यूरींकडे आले. ऑगस्ट १९११ मध्ये त्यांनी २१.९९ मिलिग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड पातळ काचेच्या नळीत बंद केले. तिकडे व्हिएन्नात ओटो होनिगश्मिट यांनी स्वतंत्रपणे असेच नमुने बनविले. मार्च १९१२ मध्ये पॅरिसला दोन्हींची तुलना झाली. नळ्या फोडाव्या लागल्या नाहीत; गॅमा किरण काचेतून बाहेर येतात, त्यांचाच परिणाम मोजला गेला. नमुने जुळले. दोनदा नोबेल पारितोषिक मिळालेल्या बाईंचेही काम असे ताडून पाहिले गेले, हे ध्यानात घ्या.

खरी अडचण निराळीच होती. ती नळी आपल्या प्रयोगशाळेत राहावी, असे बाईंना वाटे. १९०६ साली अपघातात गेलेल्या पतीबरोबर आरंभिलेल्या कामाचे ते फळ. मला तरी ही ओढ स्वाभाविक वाटते. पण साऱ्या जगाचे प्रमाण एका व्यक्तीच्या ताब्यात असू नये, असे शास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफोर्ड यांचे म्हणणे पडले. अखेर बाईंनी ते मानले, आणि १९१३ मध्ये नळी पॅरिसजवळ सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयात ठेवण्यात आली.

रेडियम स्वतःही झिजते, सुमारे १६०० वर्षांत निम्मे होते. ही घट ठाऊक असल्याने तिचा हिशेब करता येतो. काचेचा मात्र भरवसा नव्हता. किरणांच्या माऱ्याने ती तडकेल अशी धास्ती होती. म्हणून होनिगश्मिट यांनी १९३४ साली नव्या नळ्या भरल्या. त्याच वर्षी ४ जुलैला मादाम क्यूरी निवर्तल्या.