विश्लेषण : ताकद न वाढवता ‘गेम बॉय’ नवा कसा झाला?

गेमिंग कन्सोलची पुढची पिढी येण्याआधीच त्याच यंत्राची सुधारित आवृत्ती बाजारात येते. प्लेस्टेशन ४ प्रो (२०१६) आणि प्लेस्टेशन ५ प्रो (२०२४) ही त्याची अलीकडची उदाहरणे. त्यांत भर असतो चित्राच्या दर्जावर आणि वेगावर. १९९६ मध्ये जपानी अभियंते गुनपेई योकोई यांनी मात्र वेगळी वाट धरली होती.

योकोई कोण होते?

जन्म १९४१चा, क्योटोचा. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेऊन १९६५ मध्ये ते निन्टेन्डोत लागले. कंपनी तेव्हा पत्ते बनवायची आणि त्या यंत्रांची देखभाल योकोईंकडे होती. फावल्या वेळात त्यांनी लांब होऊन वस्तू पकडणारा खेळण्यातला हात तयार केला. अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ नावाने विकायला काढला. विक्री दहा लाखांवर गेली आणि योकोई खेळणी घडवू लागले. कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेले एलसीडी पडदे वापरून त्यांनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आणले.

साधा ‘गेम बॉय’ कसा टिकला?

१९८९च्या ‘गेम बॉय’चा पडदा हिरवट, एकरंगी होता. अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर रंगीत होते. पण त्यांचे सहा पेन्सिल सेल काही तासांतच संपत. ‘गेम बॉय’ चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले.

‘पॉकेट’मध्ये काय बदलले?

१९९५चा ‘व्हर्च्युअल बॉय’ सपशेल आपटला. पुढच्याच वर्षी योकोईंचा ‘गेम बॉय पॉकेट’ आला. आकार लहान, वजन कमी, पडदा स्पष्ट काळा-पांढरा आणि सेल दोनच, तेही बारीक. गेम चालवण्याची ताकद तीच राहिली. त्यामुळे जुन्या कॅसेट नव्या यंत्रात आणि नव्या कॅसेट जुन्या यंत्रात चालत. दोन यंत्रे जोडणाऱ्या वायरचे तोंड तेवढे बदलले. जुन्या-नव्याची जोडणी करायला अडॅप्टर लागे. ज्याला नवे परवडत नव्हते, त्याचा खेळ थांबला नाही.

पुढे काय झाले?

ऑगस्ट १९९६ मध्ये योकोईंनी निन्टेन्डो सोडली आणि ‘कोटो’ ही स्वतःची कंपनी काढली. बंदाईसाठी ते ‘वंडरस्वान’वर काम करत होते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला, वय ५६. ‘गेम बॉय’ आणि त्याच्या रंगीत आवृत्तीची एकत्रित विक्री पुढे ११ कोटी ८० लाखांवर गेली. ‘वंडरस्वान’ १९९९ मध्ये बाजारात आला. त्याला एकच पेन्सिल सेल पुरत असे.