जयपाल सिंह मुंडा : सुवर्णसंघाचे पहिले कर्णधार

हॉकी म्हटले की आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस ही नावे हमखास आठवतात. 1948 साली लंडन येथे स्वतंत्र भारताला पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघात मुंबईचे हे खेळाडू होते. परंतु त्याआधी वीस वर्षे, 1928 साली अ‍ॅमस्टरडॅम येथे भारताने हॉकीचे अगदी पहिले सुवर्णपदक जिंकले, त्या संघाचे कर्णधारपद छोटानागपूरच्या एका आदिवासी ख्रिस्ती तरुणाकडे होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या जयपाल सिंह मुंडा यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म 3 जानेवारी 1903 रोजी रांचीजवळील खुंटी भागातील टकरा या मुंडा आदिवासींच्या गावी झाला. घरचे नाव प्रमोद पाहन. पाहन म्हणजे गावाचा पारंपरिक पुजारी. त्या काळी छोटानागपुरात मिशनरींचे कार्य जोमात होते. येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लिव्हन्स 1885 साली तेथे आले आणि जमिनीच्या दाव्यांत नाडल्या जाणाऱ्या आदिवासींच्या बाजूने कोर्टकचेऱ्यांत उभे राहिले, हा इतिहास आपल्या वाचकांना नवा नाही. जयपाल मात्र अँग्लिकन मिशनच्या रांची येथील सेंट पॉल शाळेत शिकले. शाळेचे प्रमुख कॅनन कॉसग्रेव्ह यांनी या मुलाची बुद्धी हेरली. त्यांच्याच हातून जयपाल यांचा बाप्तिस्मा झाला आणि 1918 साली, पहिले महायुद्ध संपत असताना, ते त्यांना आपल्याबरोबर इंग्लंडला घेऊन गेले.

या मुलाने धर्मगुरू होऊन आपल्या लोकांत परतावे, अशी कॅनन महाशयांची इच्छा होती. त्यासाठी जयपाल यांना कँटरबरीच्या सेंट ऑगस्टिन कॉलेजात घालण्यात आले. पुढे ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली, वादविवादात नाव कमावले आणि हॉकीत विद्यापीठाचा ‘ब्लू’ हा मान मिळवला. बचावफळीत फुलबॅक म्हणून ते खेळत. प्रतिस्पर्ध्याच्या चालीचा आधीच अंदाज घेऊन शांतपणे चेंडू काढून घेणे आणि दूरवर अचूक फटका मारणे ही त्यांची खासियत होती. पुरोहितपदाचा विचार मागे पडला आणि आय.सी.एस.साठी त्यांची निवड झाली. त्या काळी हिंदी तरुणाला याहून मोठी नोकरी नव्हती. एका आदिवासी खेड्यातील मुलाने तेथवर मजल मारावी, ही गोष्टच अपूर्व होती.

1928 च्या मार्चमध्ये भारतीय हॉकी संघ मुंबईहून ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने युरोपला निघाला. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाशी झालेला सामना तो 3-2 असा हरला होता. धक्क्यावर निरोप द्यायला अवघी तीन माणसे होती. कर्णधार बोटीवर नव्हते; इंग्लंडमध्ये असलेल्या जयपाल यांच्याकडे ते पद सोपविण्यात आले होते आणि तेथेच ते संघाला मिळणार होते. त्यांनी इंडिया ऑफिसकडे रजा मागितली. ती नाकारण्यात आली. प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याने परवानगीवाचून जाणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे होते. जयपाल गेले.

अ‍ॅमस्टरडॅमला जे घडले ते हॉकीच्या इतिहासात अजरामर आहे. ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, स्वित्झर्लंड आणि 26 मे 1928 रोजी अंतिम सामन्यात यजमान हॉलंड, असे पाचही संघ पराभूत झाले. भारताने 29 गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्यांपैकी 14 एकट्या ध्यानचंद यांचे. गोलरक्षक होते रिचर्ड अ‍ॅलन. संघात बहुसंख्य खेळाडू अँग्लो-इंडियन होते. रॉक, हॅमंड, नॉरिस, पिनिगर, मार्थिन्स, सीमन ही नावे वाचताना एखाद्या मिशन शाळेचा हजेरीपट चाळल्यासारखे वाटते.

आणि तरीही अंतिम सामन्यात कर्णधार मैदानावर नव्हते. संघव्यवस्थापनाशी खटका उडाल्याने जयपाल संघ सोडून गेले होते. शेवटच्या सामन्यात नेतृत्व पिनिगर यांनी केले. विजयी संघ मुंबईला परतला तेव्हा स्वागताला लोटलेल्या गर्दीत महापौर डॉ. गो. वि. देशमुख होते, जयपाल मात्र इंग्लंडमध्येच होते. ज्या खेळासाठी नोकरी पणाला लावली, त्याच्या सर्वोच्च क्षणी त्यांनी बाजूला व्हावे, हे आम्हांला चटका लावून जाते. त्यांचा मानी स्वभाव पुढेही अनेकदा आडवा आला, आणि अनेकदा त्यांच्या लोकांच्या कामीही आला.

इंग्लंडला परतल्यावर शिक्षा म्हणून आय.सी.एस.चे प्रशिक्षण आणखी एक वर्ष करण्याचा हुकूम त्यांना झाला. त्यांनी राजीनामा दिला.

मग बर्मा शेल कंपनीच्या नोकरीनिमित्त ते कलकत्त्यास आले. येथील त्यांचे काम फारसे सांगितले जात नाही, पण आम्हांला ते महत्त्वाचे वाटते. कलकत्त्याच्या हॉकीवर तेव्हा कस्टम्ससारख्या संघांचे वर्चस्व होते. मोहन बागान हा बंगाली समाजाचा क्लब 1889 साली स्थापन झालेला. 1911 साली गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकल्यापासून तो घराघरांत पोहोचला होता, पण तो फुटबॉलसाठी. या क्लबचा हॉकी संघ 1929 साली जयपाल यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि त्याचे नेतृत्वही त्यांनीच केले. ऑक्सफर्डचा ‘ब्लू’ मिळवलेला हा मुंडा तरुण बंगाली मुलांना घेऊन मैदानात उतरत होता. खेळ थांबवल्यावर बंगाल हॉकी असोसिएशनचे सचिवपदही त्यांनी सांभाळले.

त्यानंतर आफ्रिकेतील गोल्ड कोस्टच्या अचिमोटा कॉलेजात अध्यापन, रायपूरच्या राजकुमार कॉलेजात काम, बिकानेर संस्थानात नोकरी, अशी त्यांची भ्रमंती चालू राहिली. आपली माणसे मात्र दूरच होती.

1938 च्या अखेरीस ते रांचीस आले, तेव्हा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या आदिवासी संघटना व बिगरख्रिस्ती आदिवासी एका छत्राखाली येऊ पाहत होते. कॅथलिक, लुथरन, अँग्लिकन अशा भिंती तेथेही होत्याच. जानेवारी 1939 मध्ये आदिवासी महासभेचे अध्यक्षपद जयपाल यांच्याकडे आले. लोक त्यांना ‘मरांग गोमके’, म्हणजे मोठा नेता, म्हणू लागले.

1946 साली ते संविधान सभेवर निवडून गेले. तेथे त्यांनी ‘जंगली’ हे हेटाळणीचे विशेषण स्वतःहून अभिमानाने स्वीकारले आणि लोकशाही आदिवासींना शिकवू नका, ती त्यांच्याकडूनच शिका, असे ठणकावले. दारूबंदीच्या कलमावरही ते बोलले. तांदळाची हंडिया आदिवासींच्या पूजेअर्चेत व लावणीच्या श्रमांत गुंफलेली आहे, हे त्यांचे म्हणणे अनेकांना रुचले नाही. संविधानात ‘आदिवासी’ हाच शब्द यावा, हा आग्रहही मानला गेला नाही; ‘अनुसूचित जमाती’ हा शब्द कायम झाला.

त्यांच्या जीवनातील अपयशेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. 1 जानेवारी 1948 रोजी खरसावाँ येथे ओरिसातील विलीनीकरणाच्या विरोधात हजारो आदिवासी त्यांचे भाषण ऐकायला जमले होते. ते पोहोचू शकले नाहीत. गोळीबार झाला आणि अनेक जण मृत्युमुखी पडले. 1952 च्या निवडणुकीत कोंबडा ही निशाणी घेतलेला त्यांचा झारखंड पक्ष बिहारमध्ये 32 जागा जिंकून प्रमुख विरोधी पक्ष झाला, पण स्वतंत्र राज्याची मागणी राज्य पुनर्रचना आयोगाने फेटाळली. 1963 साली त्यांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. अनेक अनुयायांनी ते कधीच क्षमा केले नाही. 1952 पासून अखेरपर्यंत ते लोकसभेचे सदस्य राहिले आणि 20 मार्च 1970 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. झारखंड राज्य 15 नोव्हेंबर 2000 रोजी अस्तित्वात आले.

छोटानागपूरच्या मातीतून पुढेही खेळाडू निघत राहिले. 1975 च्या विश्वविजेत्या संघातील मायकल किंडो आणि 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकमधील सुवर्णविजेते सिल्व्हानुस डुंगडुंग हे सिमडेगा भागाचे. जयपाल यांच्या खुंटीची निक्की प्रधान 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळली. सिमडेगाच्या खेड्यांत गावोगावचे संघ बांबूच्या वा झाडाच्या फांदीच्या स्टिक घेऊन स्पर्धा खेळतात. त्यांना ‘खस्सी’ स्पर्धा म्हणतात, कारण विजेत्यांना बक्षीस म्हणून बोकड मिळतो, आणि तो सारा संघ मिळून खातो.