ओतूरच्या सावित्रीमाई आणि उसाच्या फडातल्या लेकी

दर ३ जानेवारीला आम्ही क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या प्रतिमेला हार घालतो, पहिल्या शिक्षिका म्हणून त्यांचा गौरव करतो. पण दुष्काळात जुन्नर तालुक्यातील ओतूरला राहिलेल्या माई आमच्या भाषणांत क्वचितच येतात.

१८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्मलेल्या माईंनी १८४८ पासून जोतिरावांबरोबर पुण्यात मुलींच्या शाळा चालवल्या. १८६३ साली या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवा तेथे सुखरूप बाळंत होत. ज्या सनातन्यांनी शेण फेकले, त्यांच्याच घरातल्या लेकींची बाळंतपणे माईंनी केली. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेऊन डॉक्टर केला.

१८७६-७७ चा दुष्काळ पडला. एप्रिल १८७७ मध्ये माई ओतूरला होत्या. नद्यानाले आटले होते, गुरे मरत होती. पोटची पोरे आणि तरुण मुली विकून माणसे परागंदा होत होती. भुकेचा पहिला बळी बाईच ठरते, हे माईंनी डोळ्यांनी पाहिले. सावकारांच्या नाडणुकीतून दंगा पेटला आणि सत्यशोधक कार्यकर्ते पकडले गेले. माईंनी कलेक्टरला जाब विचारला, त्यांना सोडवले आणि ज्वारीच्या गाड्याही मिळवल्या. १८९७ च्या प्लेगात त्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतांच्या दवाखान्यात नेले. त्यातच लागण होऊन १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

आज जुन्नर-आंबेगावात धरणांच्या पाण्यावर ऊस डोलतो. तो तोडायला दुष्काळी जिल्ह्यांतून जोडपी येतात, कोप्यांत राहतात. ना संडास, ना न्हाणी, ना दवाखाना. सावकाराच्या जागी मुकादम आला. अंगावर उचल असते, म्हणून बाईने छळाची तक्रार करायची नाही. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून पाळीतही कोयता खाली ठेवायचा नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील पाहणीत १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याचे उघड झाले. या बहुतेक आपल्याच दलित, भटक्या, बहुजन समाजाच्या लेकी आहेत.

मग आम्ही फक्त हार घालून थांबायचे काय? प्रत्येक तळावर संडास, महिला डॉक्टर आणि तक्रार ऐकणारी समिती हवी. ती मिळेपर्यंत कार्यकर्त्यांनी तळावर जावे आणि कारखान्याला, कलेक्टरला जाब विचारावा. माईंनी ओतूरला तेच केले होते. तेच त्यांना खरे अभिवादन!