कै. यहूदा टूरो आणि कुलूपबंद सिनेगॉगचा ठेवा

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट नावाचे एक बंदर आहे. तिथे १७६३ च्या डिसेंबरात, हनुक्काच्या दिवसांत, येशुआत इस्राएल या जमातीच्या सिनेगॉगचे उद्घाटन झाले. त्याचे हज्जान होते आयझॅक टूरो. ते आम्सटरडॅमहून आलेले होते. त्यांच्याच घरी १६ जून १७७५ रोजी यहूदा यांचा जन्म झाला. मोठा भाऊ अब्राहाम आणि बहीण रिबेका अशी ही भावंडे.

यहूदा जन्मले तेव्हा अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा नुकताच पेटला होता. पुढच्या वर्षी ब्रिटिश फौजांनी न्यूपोर्ट ताब्यात घेतले. बंदराचा व्यापार बसला आणि बहुतेक यहुदी कुटुंबे गाव सोडून गेली. आयझॅक टूरो ब्रिटिशांच्या बाजूचे होते. ते आधी न्यूयॉर्कला आणि तिथून जमैका बेटावर गेले. १७८३ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. विधवा आई मुलांना घेऊन बॉस्टनला आपल्या भावाकडे, मोझेस मायकेल हेज यांच्याकडे आली. चारच वर्षांनी तीही गेली. बारा वर्षांचे यहूदा आणि त्यांची भावंडे पोरकी झाली. मामा मोठे व्यापारी होते. मुलांना घरात ठेवून त्यांनी धर्म शिकवला आणि धंदाही शिकवला.

१८०१ च्या सुमारास, पंचविशी ओलांडलेले यहूदा टूरो दूर दक्षिणेला न्यू ऑर्लिन्सला गेले. तिथे त्यांनी साबण, मेणबत्त्या, खारवलेले मासे अशा उत्तरेकडच्या मालाचे दुकान मांडले. दोन वर्षांनी तो सगळा प्रदेश अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतला आणि शहर झपाट्याने वाढू लागले. कापूस, साखर आणि गुलामांच्या श्रमावर त्या शहराची श्रीमंती उभी होती. टूरो यांनी जहाजांत आणि जमिनींत पैसा गुंतवला, पण राहणी साधी ठेवली. ते अविवाहित राहिले.

१८१५ च्या १ जानेवारीला, न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत दारूगोळा वाहून नेण्याचे काम करताना तोफेचा गोळा त्यांच्या मांडीला लागला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. रेझिन डेव्हिस शेफर्ड हा त्यांचा ख्रिस्ती मित्र त्यांना गाडीत घालून शहरात घेऊन आला. त्याने त्यांची शुश्रूषा केली आणि ते वाचले. ही मैत्री अखेरपर्यंत टिकली.

इकडे न्यूपोर्ट ओस पडत होते. १८२२ च्या सुमारास शेवटचा यहुदीही गावातून गेला. सेफेर तोरा न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्राएल सिनेगॉगकडे सांभाळायला दिले गेले होते. दाराला कुलूप लागले. मिनियान जमायला दहा पुरुष सोडाच, एकही उरला नव्हता. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये घोडागाडीच्या अपघातात अब्राहाम टूरो यांचा मृत्यू झाला. त्यांचे मृत्युपत्र उघडले तेव्हा त्यात न्यूपोर्टच्या सिनेगॉगसाठी १०,००० डॉलर ठेवलेले निघाले. पैसे घ्यायला जमातच नव्हती, म्हणून त्यांनी ते ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाच्या हाती विश्वस्त म्हणून सोपवले होते. सिनेगॉग ते दफनभूमी या रस्त्याच्या देखभालीसाठी आणखी ५,००० डॉलर होते.

धाकट्या भावाच्या मनात हे रुजायला मात्र वेळ लागला. यहूदा टूरो दानशूर होते, पण अनेक वर्षे त्यांचे दान यहुदी समाजाकडे फारसे वळत नव्हते. न्यू ऑर्लिन्समधले एक ख्रिस्ती चर्च कर्जात बुडाले, तेव्हा त्यांनी ती इमारत २०,००० डॉलरला विकत घेतली आणि त्या मंडळीला भाड्याशिवाय वापरू दिली. बॉस्टनजवळच्या बंकर हिल स्मारकाचे काम पैशांवाचून अडले, तेव्हा त्यांनी १०,००० डॉलर दिले. न्यू ऑर्लिन्समध्ये १८२८ साली पहिली यहुदी जमात स्थापन झाली. तिचे नाव दयेचे द्वार, म्हणजे मुंबईच्या शार हारहमीमसारखेच. तिथे मात्र टूरो फारसे दिसत नसत.

न्यूपोर्टशी त्यांची नाळ तुटली नव्हती. १८४२-४३ मध्ये त्यांनी तिथल्या जुन्या दफनभूमीभोवती दगडी भिंत आणि भव्य प्रवेशद्वार बांधून घेतले. याच काळात गेर्शोम कुर्शीट हा धर्मनिष्ठ तरुण त्यांच्या सहवासात आला. त्याने वर्षानुवर्षे चिकाटी धरली. शेवटी टूरो यांनी एका चर्चची जुनी इमारत घेऊन तिचे सिनेगॉग करवले आणि ते नेफुत्सोथ यहूदा या नव्या जमातीला दिले. १८५० मध्ये त्याचे उद्घाटन झाले. हज्जानाचा हा मुलगा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर शब्बाथ पाळू लागला आणि नेमाने प्रार्थनेला येऊ लागला.

६ जानेवारी १८५४ रोजी त्यांनी मृत्युपत्रावर सही केली. बाराच दिवसांनी, १८ जानेवारीला, ते वारले. मृत्युपत्रातल्या देणग्यांची बेरीज सुमारे ५ लाख डॉलर होती. त्या काळी अमेरिकेत असे मृत्युपत्र कोणी पाहिले नव्हते. अनेक शहरांतल्या यहुदी जमातींना, शाळांना, रुग्णालयांना आणि अनाथाश्रमांना त्यात वाटा होता. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अनाथालयेही त्यातून सुटली नव्हती. उरलेली मालमत्ता त्यांनी प्राण वाचवणाऱ्या शेफर्ड यांना दिली.

या सगळ्यात दोन देणग्या वेगळ्या होत्या. पहिली न्यूपोर्टसाठी. तिथल्या हज्जानाचा पगार आणि दफनभूमीची देखभाल यासाठी १०,००० डॉलर. गावात जमात नव्हती, हज्जान नव्हता, प्रार्थना होत नव्हती. तरी पगाराची सोय आधी झाली. त्यांना स्वतःलाही न्यूपोर्टलाच आणले गेले आणि जून १८५४ मध्ये आईच्या शेजारी त्यांचे दफन झाले.

दुसरी देणगी यरुशलेमसाठी. तिथल्या गरीब यहुद्यांसाठी ठेवलेले ५०,००० डॉलर लंडनचे सर मोझेस मोंटेफिओरे यांच्या सल्ल्याने खर्च व्हायचे होते. १८५५ मध्ये मोंटेफिओरे आणि कुर्शीट यरुशलेमला गेले. तटबंदीच्या आत दाटी, रोगराई आणि दारिद्र्य होते. मोंटेफिओरे यांनी भिंतीबाहेर जमीन विकत घेतली. तिथे पवनचक्की उभी राहिली आणि १८६० मध्ये टूरो यांच्या पैशांतून घरांची लांब ओळ तयार झाली. तिचे नाव मिश्केनोथ शआनानीम. जुन्या यरुशलेमच्या भिंतीबाहेरची ही पहिली यहुदी वस्ती. सुरुवातीला लोक तिथे रात्री मुक्काम करायला घाबरत आणि अंधार पडला की भिंतीच्या आत परतत. पण शहर एकदा बाहेर पडले ते वाढतच गेले. आज ती पवनचक्की पाहायला जाणाऱ्या मुलांच्या सहलींना हे क्वचितच सांगितले जाते, की शेजारची घरे न्यू ऑर्लिन्सच्या एका दुकानदाराच्या मृत्युपत्रातून उभी राहिली.

न्यूपोर्टचे पुढे काय झाले? १८५२ मध्ये कवी लाँगफेलो यांनी तिथली दफनभूमी पाहिली आणि तिच्यावर कविता लिहिली. थडग्यांची निगा कोणीतरी राखत आहे हे त्यांनी टिपले, पण हा समाज परत उभा राहील असे त्यांना वाटले नाही. ते चुकले. पूर्व युरोपातून नवी यहुदी कुटुंबे न्यूपोर्टला येऊ लागली. १८८३ मध्ये सिनेगॉग कायमचे उघडले आणि अब्राहाम परेरा मेंडेस तिथे धर्मगुरू म्हणून रुजू झाले. आलेल्या लोकांना छप्पर शाबूत मिळाले, दफनभूमीची भिंत उभी मिळाली आणि हज्जानाच्या पगाराचा पैसाही तयार मिळाला. जे नव्हतेच त्यांच्यासाठी दोन भावांनी ते राखून ठेवले होते. १९४६ मध्ये ती वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली. आज तिला टूरो सिनेगॉग म्हणतात.

कोकणातल्या बेने इस्राएल वडीलधाऱ्यांना ही कथा परकी वाटणार नाही. १९४८ नंतर घरेच्या घरे इस्राएलला आली. रेवदंडा, अलिबाग, पेण अशा गावांत जुन्या लोकांची मशीद मागे राहिली. जिथे एकेकाळी सणाला पाय ठेवायला जागा नसे, तिथे आता मिनियानासाठी माणसे शोधावी लागतात. कौले बदलायची असतात, हेखालच्या लाकडाला वाळवी लागू द्यायची नसते, कबरस्तानातले गवत दर पावसाळ्यानंतर काढायचे असते. यांपैकी कुठलेच काम आठवणींनी होत नाही.

त्यासाठी टूरो यांच्याइतकी संपत्ती लागत नाही. अब्राहाम यांनी केले ते साधे होते. घ्यायला कोणी नसतानाही त्यांनी रक्कम बाजूला ठेवली, ती कशासाठी हे स्पष्ट लिहिले आणि विश्वासू हातात दिली. यहूदा यांनी त्यात भर घातली, तीही आयुष्याचे फक्त बारा दिवस उरले असताना. कुलूप उघडायला कोण येईल हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. उघडणारे आले, तेव्हा दार जागेवर होते.