साष्टी देऊन टाकणारा सुलतान : गुजरातचा बहादूरशहा

उत्तन, डोंगरी, चौक, भाईंदर या परिसरातील आम्हा ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या धर्मग्रामांचा इतिहास सांगायचा झाला की आम्ही तो पोर्तुगीजांपासून सुरू करतो. पोर्तुगीज आले, त्यांच्यामागून धर्मगुरू आले, चर्चवास्तू उभ्या राहिल्या, एवढे आम्हांस ठाऊक असते. परंतु ही भूमी पोर्तुगीजांना कोणी दिली, कोणत्या अडचणीत दिली आणि देणाऱ्याचे पुढे काय झाले, याची चौकशी आम्ही क्वचितच करतो. नॉर्वेसारख्या देशात राजा ओलाफ स्वतः ख्रिस्ती झाला, १०३० साली स्टिकलेस्टाड येथील लढाईत पडला आणि पुढे संत म्हणून त्यास वंदन होऊ लागले. तेथे राजघराणे आणि ख्रिस्तसभा यांची कहाणी एकमेकींत गुंफली गेली. आमच्या खाडीकाठी तसे घडले नाही. येथे दार उघडले ते एका मुसलमान सुलतानाने, आणि तेही नाइलाजाने. त्याचे नाव बहादूरशहा.

बहादूरशहाचे घराणे दिल्लीच्या तुघलक सुलतानांच्या सेवेतून वर आले होते. गुजरातचा सुभेदार जफरखान याने १४०७ साली मुजफ्फरशहा हे नाव धारण करून स्वतंत्र गादी स्थापिली. त्याचा नातू अहमदशहा याने १४११ साली अहमदाबाद वसविले. त्यानंतरचा मोठा सुलतान महमूद बेगडा याने १४५८ ते १५११ अशी त्रेपन्न वर्षे राज्य केले. उत्तर कोकणची किनारपट्टी, म्हणजे वसई, ठाणे आणि साष्टी, पंधराव्या शतकात बहमनींशी झगडून याच घराण्याने आपल्या ताब्यात ठेविली होती. राजधानीतून पाहिले तर हा राज्याचा दक्षिणेकडील दूरचा कोपरा होता, ही गोष्ट पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावी.

बहादूर हा बेगड्याचा नातू आणि दुसऱ्या मुजफ्फरशहाचा पुत्र. गादीचा वारस थोरला भाऊ सिकंदर ठरलेला होता. आपणांस मिळालेल्या जहागिरीवर नाराज होऊन बहादूर घर सोडून निघाला. तो चितोडला राहिला, मग दिल्लीच्या इब्राहिम लोदीकडे गेला, आणि एप्रिल १५२६ मध्ये बाबर व लोदी यांची पानिपतावर गाठ पडली तेव्हा तो त्याच भागात होता. त्याच महिन्यात इकडे पित्याचे निधन झाले. सिकंदर गादीवर बसला आणि काही आठवड्यांतच त्याच्याच एका अमिराने त्याचा खून करवून एका बालकास सुलतान केले. बहादूर धावत परतला, त्याच वर्षी गादीवर आला आणि त्याने मारेकऱ्यांस देहान्त शासन दिले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. ज्यांच्यापासून गादीला धोका, त्या भावांनाही त्याने वाटेतून दूर केले. चांदखान नावाचा एक भाऊ तेवढा माळव्यात आश्रयास पळाला.

पुढील काही वर्षांत बहादूरशहाचा दरारा सर्वत्र पसरला. दक्षिणेत उतरून त्याने अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहास आपले श्रेष्ठत्व मान्य करावयास लाविले. १५३१ साली त्याने मांडू जिंकून माळव्याचे राज्य आपल्या राज्यास जोडले. त्याच वर्षी पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या मोठे आरमार घेऊन दीववर चालून आला, तेव्हा मुस्तफा नावाच्या तुर्की तोफखान्याच्या सरदाराने ते परतवून लाविले. सुलतानाने त्यास रूमीखान हा किताब दिला. दीव हे त्या काळी तांबड्या समुद्राशी चालणाऱ्या व्यापाराचे मोठे बंदर होते, आणि पोर्तुगीजांचे सारे लक्ष त्यावरच खिळलेले होते. दीव मिळेना म्हणून त्यांनी किनारपट्टी जाळण्याचा मार्ग धरिला. १५३३ साली त्यांनी वसईवर हल्ला करून तेथील तटबंदी उद्ध्वस्त केली. आमच्या गावांशी पोर्तुगीजांची पहिली ओळख धर्मगुरूंच्या हातातील क्रुसाने नव्हे, तर आगीने झाली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

इतक्यात उत्तरेकडून अधिक मोठे संकट आले. बाबराचा पुत्र हुमायून याचा एक बंडखोर नातलग बहादूरशहाच्या आश्रयास आला होता. सुलतानाने त्यास परत देण्याचे नाकारले आणि युद्ध अटळ झाले. मोगल एका बाजूस आणि पोर्तुगीज दुसऱ्या बाजूस, अशा कात्रीत सापडलेल्या राजाने एका शत्रूस शांत करण्याचे ठरविले. २३ डिसेंबर १५३४ रोजी सान मातेउस या गलबतावर तह झाला. वसई, तिच्या भोवतालचा मुलूख, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगालच्या राजास कायमची दिली गेली. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी पोर्तुगीजांचे परवाने घ्यावेत, वसईस थांबून जकात भरावी आणि सुलतानाने लढाऊ जहाजे बांधू नयेत, अशा अटी त्यात होत्या. वसईच्या उत्पन्नातून मशिदींना मिळणारी रक्कम पुढेही चालू राहावी, असेही एक कलम होते. सुलतानास दीव राखावयाचे होते, म्हणून त्याने दूरचा कोपरा दिला. त्या कोपऱ्यात मासे मारणाऱ्या कोळ्यांना, भातशेती करणाऱ्या कुणब्यांना वा ताडीच्या झाडांवर चढणाऱ्या भंडाऱ्यांना कोणी काही विचारले नाही. राजेलोकांच्या तहांत तशी पद्धतच नव्हती.

मार्च १५३५ मध्ये बहादूरशहाने चितोड जिंकले. राणी कर्णावतीने हुमायूनास राखी पाठविल्याची हृदयस्पर्शी कथा या प्रसंगाशी जोडली जाते. ती जेम्स टॉड याच्या लेखनातून लोकप्रिय झाली. प्रत्यक्षात चितोड पडेपर्यंत हुमायून वाट पाहत राहिला आणि मगच त्याने मंदसोर येथे सुलतानास गाठले. तेथे रूमीखानाने धन्याचा घात केला आणि तो मोगलांस मिळाला. बहादूरशहा रात्री छावणी सोडून मांडूस, तेथून चांपानेरास, खंबायतास आणि शेवटी दीवला पळाला. ज्या दीवसाठी त्याने वसई व साष्टी दिली होती, तेथेच ऑक्टोबर १५३५ मध्ये लष्करी मदतीच्या आशेने त्याने पोर्तुगीजांस किल्ला बांधण्याची परवानगी दिली.

दैवाचा खेळ असा की ती मदत फारशी कामास येण्यापूर्वीच हुमायून बिहारकडील शेरखानाच्या धास्तीने माघारी गेला. १५३६ साली बहादूरशहाने आपले राज्य परत मिळविले आणि मग दीवचा तो किल्ला त्यास डोळ्यांतील कुसळासारखा सलू लागला. नुनो द कुन्या फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवला आला आणि आजारपणाचे निमित्त करून गलबतावरच राहिला. सुलतान मोजक्या माणसांनिशी त्याच्या भेटीस गेला. परतताना पाण्यावरच चकमक उडाली. दीवचा पोर्तुगीज कप्तान मानुएल द सौझा मारला गेला, आणि १३ फेब्रुवारी १५३७ रोजी गुजरातचा सुलतान समुद्रात मरण पावला. त्याचे वय तेव्हा तिशीच्या आसपास होते. सुलतानच गव्हर्नरास पकडणार होता, असे पोर्तुगीज इतिहासकार लिहितात. फारसी इतिहासकार दगलबाजीचा दोष पोर्तुगीजांस देतात. दोघांच्याही मनात कपट होते, असे मानण्यास आम्हांस जागा दिसते. परंतु पाहुणा म्हणून गलबतावर आलेला राजा जिवंत परत गेला नाही, हे तर दोन्ही पक्षांस मान्य आहे. अकबरनाम्याच्या चित्रकारांनाही हा प्रसंग चितारावासा वाटला.

सुलतान गेला, तरी तह राहिला. वसईत १५३६ सालीच पोर्तुगीजांनी किल्ल्याचे काम हाती घेतले होते. पुढील दशकात फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियु दु पोर्तु या भागात आले आणि बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या लेण्यांपाशी त्यांनी मठ उभारला. देवळांची आणि लेण्यांची त्या काळी जी मोडतोड झाली, तीही याच इतिहासाचा भाग आहे. याच वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया जन्मले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण दिले आणि १८६२ साली ते संत घोषित झाले. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत आमच्या चौक येथील धारावीचा किल्ला आणि त्यामागोमाग वसई मराठ्यांकडे गेली, तेव्हा त्या तहाने सुरू झालेला अंमल येथे संपला. घराघरांतील प्रार्थना मात्र चालू राहिल्या.

बहादूरशहास पुत्र नव्हता. गादी प्रथम खानदेशच्या भाच्याकडे गेली, पण तो अल्पावधीतच वारला. मग लतीफखान या मृत भावाच्या बालपुत्रास, महमूदशहा म्हणून, गादीवर बसविण्यात आले. ज्या भावांच्या भीतीने बहादूरशहाने रक्त सांडले होते, त्यांच्यातीलच एकाच्या वंशाकडे राज्य गेले. १५७३ साली अकबराने गुजरात जिंकून घेतला आणि ते घराणे सत्तेवरून गेले. बहादूरशहाचा देह समुद्रातून मिळाला नाही, आणि तो पोहत किनाऱ्यास लागला असून दख्खनेत कोठेतरी जिवंत आहे, अशा वावड्या पुढे काही काळ उठत राहिल्या.