‘एसएनडीटी’मागची वर्गणी

चर्चगेटजवळ ‘एसएनडीटी’ची पाटी तुम्ही पाहिलीच असेल. त्यातलं नाथीबाई हे नाव सर विठ्ठलदास ठाकरसींच्या आईचं. १९२० मध्ये त्यांनी या विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले. त्या काळी! पण त्याआधीची चार वर्षं बघा.

१९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा विद्यार्थिनी होत्या फक्त पाच. सरकारी मान्यता नाही, त्यामुळे सगळी भिस्त वर्गणीवर. फर्ग्युसनमधून निवृत्त झालेले ५८ वर्षांचे हे गणिताचे प्राध्यापक गावोगाव हिंडून पैसे जमवू लागले.

आणि लगेच त्यांनी काय काढलं, माहितीय? प्राथमिक शिक्षिका तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज! शिकवायला बाई नाही म्हणून मुली शाळेत येत नाहीत आणि मुली शिकत नाहीत म्हणून बाई मिळत नाही. हे चक्र तिथेच तुटणार होतं.

१९६२ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी अण्णा गेले. पाटीवर ठाकरसींचं नाव आहे, ते योग्यच. पण दारात आलेल्या अण्णांच्या हातावर ज्यांनी रुपया-आठ आणे ठेवले, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. पुढच्या वेळी कुणी पावतीपुस्तक घेऊन तुमच्यासमोर आलं, तर तेवढं आठवा.